कासवाला समुद्रात ढकलू नका

पावसाळ्याचे दिवस. अंधेरीच्या वर्सोवा किनाऱ्यावर तुम्ही सकाळी फिरायला गेला आहात. वाळूत एक मोठे कासव पडलेले दिसते. पाठीवर पांढरे, कडक फोड आल्यासारखे, मान लोंबलेली. लगेच चार माणसे जमतात आणि 'बिचाऱ्याला पाण्यात सोडा' म्हणून त्याला ढकलू लागतात. हेतू चांगला, पण अशा कासवाला हीच मदत जिवावर बेतू शकते.

मार्च २०१८ मध्ये याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची पिल्ले दिसली होती. त्यामुळे पडलेले कासव अंडी घालायला आले असावे, असे कुणाला वाटेल. पण ऑलिव्ह रिडलेची मादी बहुधा रात्री येते, खड्डा करून अंडी घालते आणि आपली आपण परत जाते. दिवसाउजेडी निपचित पडलेले कासव आजारी किंवा जखमी असते. कासवाला फुप्फुसे असतात, श्वासासाठी त्याला पाण्यावर यावेच लागते. थकलेल्या कासवाला वर येता आले नाही, तर ते समुद्रातच बुडून मरते.

आता ते पांढरे फोड. ते फोड नव्हेत. 'बार्नॅकल' नावाचे ते कवचधारी जीव. धडधाकट कासवाच्या अंगावरही थोडे असतात आणि त्यांचा फारसा त्रास नसतो. मात्र कासव अशक्त होऊन तरंगत राहिले, की त्यांची दाटी होते. म्हणजे बहुतेक वेळा ते दुखण्याचे मूळ नसून दुखण्याची खूण असते. म्हणून ते खरवडू नयेत, जखमा होतात. उपचार केंद्रात कासवाला काही काळ गोड्या पाण्यात ठेवतात. खाऱ्या पाण्याची सवय असलेले बार्नॅकल आणि मानेला, परांना चिकटलेल्या जळवा त्यात मरतात.

खरे परजीवी मात्र आत असतात. काही चपटे कृमी कासवाच्या हृदयात आणि रक्तवाहिन्यांत राहतात. त्यांची अंडी रक्ताबरोबर शरीरभर जाऊन निरनिराळ्या अवयवांत अडकतात आणि तिथे सूज येते. विष्ठा तपासून अंडी सापडली, तर औषध देता येते. पण आधी सलाइन, विश्रांती आणि जाळ्याने कापलेल्या परांची मलमपट्टी. अंगात ताकद आल्याशिवाय कृमींशी लढाई नाही.

पश्चिम रेल्वेने विरारच्याही पुढे गेले, की डहाणू लागते. तिथे वन विभाग आणि स्थानिक प्राणिमित्र संस्थेच्या केंद्रात अशा कासवांवर उपचार होत आले आहेत. बरे झालेले कासव पुन्हा समुद्रात सोडले जाते.

तेव्हा कासव दिसले, तर गर्दी हटवा. त्यावर सावली धरा. पाठीवर ओले फडके टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. कायद्याने संरक्षित प्राणी आहे, घरी नेऊ नका. समुद्रात त्याला परत जायचेच आहे, पण बरे होऊन.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)