पाकाळणी

चैत्री पौर्णिमेस जोतिबाच्या डोंगरावर मोठी यात्रा भरते. हा डोंगर कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे १८ किलोमीटरांवर असून त्यावरील गावाचे नाव वाडी रत्नागिरी असे आहे. महाराष्ट्रातून व कर्नाटकातून लाखो भाविक या दिवशी येथे लोटतात. उंचच उंच सासनकाठ्या खांद्यावर तोलीत आणि वाद्यांच्या तालावर नाचवीत गावोगावचे लोक डोंगर चढून येतात. 'चांगभलं'चा गजर होतो, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते आणि पाहता पाहता मंदिराचा काळा दगड, पायऱ्या, ओवऱ्या व माणसांचे चेहरे एकाच रंगात न्हाऊन निघतात.

यात्रा संपते. माणसे आपापल्या गावी परततात. मागे काय उरते? गुलालाचे थर, नारळाच्या शेंड्या, कागद, पिशव्या आणि पायदळी तुडविलेली फुले! मग पुढील रविवारी डोंगरावर 'पाकाळणी' होते. पाकाळणे म्हणजे धुऊन स्वच्छ करणे. संस्कृतातील 'प्रक्षालन' या शब्दाचेच हे मराठी रूप होय. या दिवशी पुजारी व ग्रामस्थ पाणी आणून मंदिरे धुऊन काढतात. पूजेची भांडी व उपकरणी घासूनपुसून लखलखीत करतात. या दिवसासही लोक 'पाकाळणी यात्रा' असेच म्हणतात. गुलाल उधळण्याचा दिवस जसा यात्रेचा, तसाच तो धुऊन काढण्याचा दिवसही यात्रेचाच, असा याचा अर्थ आहे. आपल्या पूर्वजांनी झाडलोटीच्या कामाला पूजेच्या पंक्तीस बसविले, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

यात्रेच्या काळात सेवेचा आणखी एक प्रकार दृष्टीस पडतो. गायमुख येथे सहजसेवा ट्रस्टचे अन्नछत्र चालते. तेथे दमलेल्या यात्रेकरूला पोटभर जेवण मिळते. रस्त्याच्या कडेला कोल्हापूरचे मिस्त्री आपली हत्यारे मांडून बसतात आणि वाटेत बंद पडलेल्या दुचाक्या मोल न घेता दुरुस्त करून देतात. देवासाठी त्यांनी वेगळे काही शिकून घेतलेले नसते. पंक्चर काढणे, तार बदलणे, साखळी आवळणे हे त्यांचे रोजचेच काम. तेच ते देवाच्या वाटेवर आणून ठेवतात. ज्याला जे उत्तम येते, तेच त्याचे फूल!

येथे एक प्रश्न मनात उभा राहतो. यात्रेच्या दिवशी ज्या निष्ठेने आपण काम करतो, तीच निष्ठा वर्षाच्या उरलेल्या दिवसांत का असू नये? दुरुस्तीला आलेली प्रत्येक गाडी जणू यात्रेकरूचीच आहे असे मिस्त्रीने मानले, पत्र टाकणाऱ्याने आणि तिकीट देणाऱ्यानेही तसेच मानले, तर आपले गाव कसे दिसेल?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना जपान देशाकडे पाहावेसे वाटते. तेथे १९६४ साली 'शिंकान्सेन' नावाची अतिवेगवान रेल्वे सुरू झाली. टोकियो स्थानकात यांतील अनेक गाड्या येऊन पुन्हा परतीच्या प्रवासास निघतात. गाडी स्थानकात थांबते ती जेमतेम १२ मिनिटे. उतारूंचा उतरण्या-चढण्याचा वेळ वजा जाता सफाईसाठी ७ मिनिटे उरतात. तेवढ्या अवधीत सफाई कामगार केर काढतात, मेजे पुसतात, आसने फिरवून प्रवासाच्या दिशेला करतात, राहिलेल्या वस्तू पाहतात आणि खाली उतरून प्रवाशांना लवून अभिवादन करतात. त्या लवण्यात लाचारी नसते. 'आम्ही आमचे काम चोख केले आहे, आता आपण सुखाने बसावे,' असा आत्मविश्वास त्यात असतो.

मात्र हा अभिमान जपानी लोकांच्या रक्तातच असतो, असे समजणे चुकीचे ठरेल. याच कामगारांना पूर्वी आपले काम हलके वाटत असे. २००५ साली तेरुओ याबे नावाचे एक अधिकारी सफाई करणाऱ्या त्या संस्थेत आले. त्यांनी कामगारांच्या सूचना ऐकून घेतल्या, त्यांना नवे, उठून दिसणारे गणवेश दिले आणि कोणी चांगले काम केले की त्याची नोंद होऊन सर्वांसमक्ष प्रशंसा होईल, अशी व्यवस्था केली. हळूहळू काम सुधारले आणि कामगारांची मानही ताठ झाली. आदर मिळाला म्हणजे कामाची गोडी वाढते, ही गोष्ट यावरून सिद्ध होते. शिवाय त्या देशातील बहुतेक शाळांतून मुले आपला वर्ग व व्हरांडे स्वतःच झाडतात. ज्याने एकदा फरशी पुसली आहे, त्याचा हात तिच्यावर कागद टाकताना सहसा अडखळतो.

या नाण्याला दुसरीही बाजू आहे. ग्राहक म्हणजे देव, अशा अर्थाचे एक वचन जपानात फार प्रसिद्ध आहे. हारुओ मिनामी नावाच्या गायकामुळे ते लोकांच्या तोंडी बसले. देवापुढे उभे राहावे तितक्या शुद्ध मनाने श्रोत्यांपुढे गावे, एवढाच त्याचा भाव होता. पुढे काही ग्राहकांनी त्याचा भलताच अर्थ घेतला. आपणच देव, तेव्हा दुकानातल्या नोकरावर ओरडण्याचा आपणास अधिकार आहे, असे त्यांना वाटू लागले! अखेर ग्राहकांनी कामगारांचा असा छळ करू नये, म्हणून टोकियोच्या शासनाला नियम करावा लागला. तो १ एप्रिल २०२५ पासून अमलात आला. सेवा घेणाऱ्याने माणुसकी सोडली, तर सेवा देणाऱ्याचा अभिमान फार काळ टिकत नाही.

म्हणून सेवा हा दोन्ही हातांचा व्यवहार आहे. आपल्याकडे हे संत गाडगेबाबांनी कृतीने शिकविले. कीर्तनापूर्वी ते हाती खराटा घेऊन गाव झाडीत, आणि मग गावकरीही आपोआप झाडू लागत.

मुलांनो, पुढच्या चैत्रात तुम्ही जोतिबाला गेलात तर सासनकाठ्या जरूर पाहा, गुलालही उधळा. परंतु केळीची साल किंवा रिकामी पिशवी टाकण्यापूर्वी क्षणभर थांबा. ती उचलण्यासाठी कोणाला तरी वाकावे लागणार आहे. डोंगर झाडणाऱ्या त्या माणसाच्या कामाचा मान आपल्या हातात आहे. आणि घरी परतल्यावर आपले दप्तर, आपली वही, आपला वर्ग यांची पाकाळणी आपणच करा. तिच्यासाठी रविवारची वाट पाहावी लागत नाही.