जुने आडवे मिलिंग यंत्र : निवड, उभारणी व देखभाल (अहिल्यानगर जिल्ह्यातील लघुयंत्रशाळांच्या संदर्भात)

सारांश : लघुयंत्रशाळा सुरू करणाऱ्या उद्योजकास नवे यंत्र घेणे बहुधा परवडत नाही. त्यामुळे तो वापरलेल्या यंत्राकडे वळतो. आडवे मिलिंग यंत्र हे अशा यंत्रांपैकी स्वस्त, दणकट व दीर्घायुषी यंत्र आहे. तथापि अज्ञानाने केलेली खरेदी संपूर्ण व्यवसाय अडचणीत आणू शकते. प्रस्तुत लेखात या यंत्राची रचना, खरेदीपूर्व तपासणी, उभारणी, देखभाल व सुरक्षितता यांचा विचार केला आहे.

बीजशब्द : आडवे मिलिंग यंत्र, आर्बर, बॅकलॅश, लघुउद्योग, अहिल्यानगर जिल्हा.

प्रस्तावना

अहमदनगर जिल्ह्याचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले. हा जिल्हा प्रामुख्याने सहकार व साखर यांसाठी ओळखला जातो. लोणीजवळील प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना 1950 च्या सुमारास सुरू झाला आणि त्यानंतर जिल्ह्यात साखर कारखान्यांची मालिकाच निर्माण झाली. दुसरीकडे नगर शहरालगतच्या नागापूर औद्योगिक वसाहतीत व परिसरात लार्सन अँड टुब्रो, क्रॉम्प्टन ग्रीव्हज, तसेच लूना मोपेडमुळे घराघरांत परिचित झालेली कायनेटिक इंजिनिअरिंग अशा कंपन्यांचे कारखाने आले. या दोन्ही प्रवाहांनी एका तिसऱ्या घटकास जन्म दिला, तो म्हणजे जॉबवर्क करणारी लहान यंत्रशाळा. दोन लेथ, एक ड्रिल, एक शेपर किंवा मिलिंग आणि तीन-चार कामगार एवढाच तिचा संसार असतो.

गळीत हंगाम संपला की उन्हाळ्यात साखर कारखान्यांची दुरुस्ती निघते. शाफ्टवरील चावीच्या खाचा, साखळीची चाके, पंपांचे भाग, लहान गिअर अशी कामे तेव्हा मोठ्या प्रमाणात होतात. ट्रॅक्टर व मळणीयंत्रांची कामे वर्षभर चालू राहतात. एकेक, दोनदोन नगांची ही कामे करण्यास संगणकनियंत्रित यंत्राची आवश्यकता नसते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे आडवे मिलिंग यंत्र ती उत्तम रीतीने करते.

या विषयाकडे वळण्यास एक कौटुंबिक कारणही आहे. प्रस्तुत लेखक भौतिकशास्त्राचा अध्यापक असला, तरी त्याचे बालपण अशाच एका यंत्रशाळेत गेले. 2003 च्या सुमारास वडिलांनी परजिल्ह्यातील एका विक्रेत्याकडून मिलिंग यंत्र आणले. यंत्रास नवाकोरा हिरवा रंग दिलेला होता आणि मोटार सुरू केल्यावर ते सुरेल चालले. एवढी तपासणी वडिलांना पुरेशी वाटली. प्रत्यक्षात टेबलाचे मार्ग मध्यभागी झिजलेले होते. पहिल्याच मोठ्या कामातील खाचा एका टोकाला रुंद निघाल्या, माल परत आला आणि पतसंस्थेचे हप्ते मात्र सुरू राहिले. त्या कर्जातून बाहेर पडण्यास घराला तीन वर्षे लागली. पुढे त्याच यंत्रावर एका वृद्ध मिस्त्रींनी दीड महिना स्क्रेपिंग केले आणि ते आजही काम देत आहे. दोष यंत्रात होता, तसा तपासणीच्या अभावातही होता, हा धडा या लेखाच्या मुळाशी आहे.

यंत्राची रचना व ऐतिहासिक पार्श्वभूमी

लेथवर काम फिरते व हत्यार स्थिर असते. मिलिंग यंत्रावर याच्या उलट, अनेक दातांचा कटर फिरतो आणि काम त्याच्याखालून सरकते. आडव्या यंत्रात स्पिंडल जमिनीला समांतर असतो. त्यात आर्बर नावाचा लांब दांडा बसवून त्यावर कॉलरांच्या साहाय्याने कटर पकडतात. आर्बरच्या बाहेरील टोकास वरच्या ओव्हरआर्मवरून आधार दिलेला असतो. दोन्ही बाजूंनी आधार मिळाल्याने जड काप घेता येतो, हेच या यंत्राचे मुख्य सामर्थ्य होय. उभ्या खांबावर वर-खाली सरकणारा भाग म्हणजे 'नी', त्यावर आत-बाहेर सरकणारे सॅडल आणि त्यावर डावी-उजवीकडे धावणारे टेबल, अशी ही तीन मजली रचना आहे. युनिव्हर्सल प्रकारात टेबल दोन्ही बाजूंस कोनात वळवता येते. त्यामुळे नागमोडी खाचाही कापता येतात.

अमेरिकेतील जोसेफ ब्राऊन यांनी 1862 मध्ये पहिले युनिव्हर्सल मिलिंग यंत्र तयार केले. पिळाच्या ड्रिलवरील खाचा कापणे हा त्यामागील तात्कालिक हेतू होता. भारतात 1953 मध्ये बंगळूर येथे हिंदुस्तान मशीन टूल्सची स्थापना झाली व 1961 मध्ये त्याच शहरात भारत फ्रिट्झ वेर्नर ही कंपनी स्थापन झाली. या दोन्ही कंपन्यांची मिलिंग यंत्रे देशभरातील कारखाने व प्रशिक्षण संस्थांत पोहोचली. पुढे उभ्या स्पिंडलची हलकी यंत्रे आणि नंतर संगणकनियंत्रित यंत्रे आल्यावर मोठ्या कारखान्यांनी आडवी यंत्रे काढून टाकण्यास प्रारंभ केला. म्हणूनच ती जुन्या बाजारात तुलनेने कमी किमतीत, प्रसंगी भंगाराच्या वजनी भावाच्या आसपासही, उपलब्ध होतात.

खरेदीपूर्व तपासणी

जुने यंत्र पाहण्यास जाताना डायल गेज, चुंबकी स्टँड, विजेरी व जुने कपडे सोबत असावेत. तपासणीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल.

1) बाह्य निरीक्षण : नव्या रंगावर विश्वास ठेवू नये. ओव्हरआर्म, आर्बरचा आधार व नी यांवर तडा किंवा वेल्डिंगची खूण आहे काय ते पाहावे. टेबलावरील ड्रिलची छिद्रे व टी-खाचांचे तुटलेले काठ हे यंत्र कोणत्या हातांखालून गेले याची साक्ष देतात.

2) मार्गांची झीज : यंत्राचे बहुतेक काम टेबलाच्या मध्यभागी होते, म्हणून झीजही तेथेच अधिक होते. टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने फिरवून पाहावे. मध्यभागी सैल व टोकांना जड लागत असेल, तर गिब घट्ट करून तो दोष नाहीसा होत नाही. मार्ग पुन्हा सरळ करावे लागतात. त्यानंतर डायल गेज खांबावर लावून टेबलाचे टोक लाकडी दांड्याने हलकेच उचलावे. काटा किती हलतो यावरून गिबमधील ढिलाई समजते.

3) स्पिंडल : स्पिंडलच्या आतील निमुळत्या पृष्ठभागास डायल गेज लावून स्पिंडल हाताने फिरवावा. चांगल्या स्थितीतील यंत्रात काट्याची हालचाल 0.01 मिलिमीटरच्या आसपास राहते. चाचणीदांडा उपलब्ध असल्यास 300 मिलिमीटर अंतरावर ती 0.02 मिलिमीटरपर्यंत अपेक्षित असते. जॉबवर्कच्या यंत्रास थोडी अधिक सूट देता येते. मात्र काटा उड्या मारत असेल तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावी.

4) बॅकलॅश : हँडल उलट दिशेने फिरवल्यावर टेबल हलण्यापूर्वी जी मोकळी फिरकी लागते तिला बॅकलॅश म्हणतात. ती मध्यभागी व टोकांना वेगवेगळी मोजावी. सर्वत्र सारखीच असेल तर बहुधा नट झिजलेला असतो आणि पितळी नट नवा करून घेणे अवघड नाही. मध्यभागीच जास्त असेल तर स्क्रू झिजलेला आहे असे समजावे. हा खर्च मोठा असतो.

5) गिअरबॉक्स : सर्व वेग व सर्व फीड लावून पाहावेत. ठरावीक अंतराने ठोका ऐकू आल्यास दात तुटल्याची शक्यता असते. तळाचे तेल बोटांत चोळून पाहावे व त्यात चुंबक फिरवावे. धातूचे कण बरेच काही सांगून जातात.

6) उपसाधने : आर्बर, ड्रॉबार, कॉलर, आधाराचे बुश, व्हाइस व डिव्हायडिंग हेड ही साधने यंत्रासोबत आहेत काय, हे सौद्यापूर्वीच पाहावे. ती स्वतंत्रपणे जमवताना यंत्र स्वस्तात घेतल्याचा फायदा संपून जातो. जुन्या ब्रिटिश किंवा अमेरिकन यंत्राचा आर्बर 1 किंवा 1¼ इंची असतो, तर मेट्रिक कटरांची भोके 22, 27 व 32 मिलिमीटरची असतात. ही गफलत खरेदीनंतर लक्षात येणे महागात पडते.

वाहतूक व उभारणी

मध्यम आकाराच्या यंत्राचे वजन साधारणतः 2 ते 3 टन असते व गुरुत्वमध्य उंचावर असल्याने ते सहज कलंडते. उचलण्यापूर्वी नी खाली उतरवावा, टेबल मध्यभागी आणावे व सर्व भाग आवळून घ्यावेत. पट्टे टेबल किंवा हँडलांना कदापि अडकवू नयेत. हायड्रा क्रेनने यंत्र दारापर्यंत आणून पुढे पाइपांवर पहारीने सरकवण्याची पद्धत प्रचलित आहे. ती सुरक्षित असली तरी उतारावर धोकादायक ठरते.

यंत्र भक्कम काँक्रीटवर बसवून टेबलावर दोन्ही दिशांनी सूक्ष्म लेव्हल ठेवून समतल करावे. वीज जोडल्यानंतर प्रथम फिरण्याची दिशा तपासावी, कारण तीनपैकी दोन तारांची अदलाबदल झाल्यास स्पिंडल उलट फिरतो. ग्रामीण भागात एक फेज जाण्याचे प्रसंग येतात व त्यात मोटार जळते. म्हणून फेज गेल्यास यंत्र बंद करणारे उपकरण बसवणे हा खर्च नसून बचत आहे.

देखभाल व वापर

नगरच्या कोरड्या हवेतील धूळ व ओतीव लोखंडाची भुकटी तेलात मिसळली की मार्गांवर घासणाऱ्या लेपाचे काम करते. म्हणून रोज काम संपल्यावर ब्रशने चुरा काढावा, मार्ग पुसावेत व तेलाचा हात द्यावा. हवेच्या झोताने चुरा गिबमध्ये शिरतो. तो मोह टाळावा. तेलाच्या कपांत ग्रीस भरू नये, कारण त्यामुळे तेलवाहिन्या तुंबतात. गिअरबॉक्समधील तेल खरेदीनंतर लगेच बदलावे. कूलंटचे पाणी टेबलाखाली साचू देऊ नये. विशेषतः पावसाळ्यात गंज तेथूनच सुरू होतो.

वापरातील दोन नियम आवर्जून सांगण्यासारखे आहेत. पहिला असा की, बाहेरील आधार लावल्याशिवाय आर्बरचा नट आवळू अथवा सोडवू नये. पान्याच्या जोराने आर्बर वाकतो व नंतर कटरचे मोजकेच दात कापतात. कटर शक्यतो खांबाजवळ व आधार कटरजवळ असावा. दुसरा नियम कापण्याच्या दिशेसंबंधी आहे. काम कटरच्या फिरण्याविरुद्ध सरकले पाहिजे. दोन्हींची दिशा एक झाली तर कटर कामास ओढून घेतो; स्क्रूमध्ये जेवढा बॅकलॅश असेल तेवढे टेबल एकदम पुढे उडी घेते. कटर फुटणे, आर्बर वाकणे व कामगारास इजा होणे हे सर्व एका क्षणात घडू शकते. बॅकलॅश काढण्याची सोय ज्या यंत्रात आहे, त्यांनाच ही पद्धत मानवते.

वेगाचे गणितही सोपे आहे. साध्या पोलादासाठी हायस्पीड स्टील कटरचा वेग मिनिटास सुमारे 25 मीटर धरला, तर 75 मिलिमीटर व्यासाच्या कटरला मिनिटास सुमारे 106 फेरे येतात. जुन्या यंत्रावर यापेक्षा खालचा वेग निवडावा.

एक उदाहरण

3 मोड्यूलचा 24 दातांचा गिअर करावयाचा आहे असे समजू. कोऱ्या चकतीचा बाह्य व्यास (24 + 2) × 3 = 78 मिलिमीटर व दाताची खोली 2.25 × 3 = 6.75 मिलिमीटर येते. इन्व्होल्यूट कटरच्या आठांच्या संचातून 21 ते 25 दातांसाठीचा कटर घ्यावा. डिव्हायडिंग हेडचे प्रमाण 40 असते. म्हणून प्रत्येक दातासाठी हँडल 40 ÷ 24, म्हणजे 1⅔ फेरे फिरवावे लागते. 18 छिद्रांच्या वर्तुळावर हे एक पूर्ण फेरा व 12 छिद्रे असे येते. हँडल नेहमी एकाच दिशेने फिरवावे. पुढे गेल्यास बरेच मागे येऊन पुन्हा योग्य छिद्र गाठावे, नाहीतर हेडमधील बॅकलॅश शेवटच्या दातात प्रकट होतो. बंद पडलेल्या एखाद्या जुन्या यंत्राचा बाजारात न मिळणारा गिअर अशा रीतीने गावातच तयार होतो.

सुरक्षितता

या यंत्रावर हातमोजे, सैल बाह्या व गळ्यातील उपरणे वर्ज्य मानले पाहिजेत. फिरत्या कटरजवळील चुरा बोटांनी काढण्याची सवय अनेक कुशल कारागिरांना बोटे गमावून सोडावी लागली आहे. जुन्या यंत्रांवरील संरक्षक जाळ्या बहुधा हरवलेल्या असतात. त्या स्थानिक फॅब्रिकेटरकडून प्रथम करून घ्याव्यात, मगच पहिला काप घ्यावा.

निष्कर्ष

जुने आडवे मिलिंग यंत्र खरेदी करताना त्याचे वय दुय्यम असून मार्ग, स्पिंडल व स्क्रू यांची स्थिती निर्णायक असते. झिजलेले यंत्र कायमचे निकामी होत नाही. परंतु ते सुधारण्याचे स्क्रेपिंगसारखे कौशल्य आता मोजक्या वयस्कर मिस्त्रींकडेच उरले आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व महाविद्यालयांनी या कारागिरांना पाहुणे शिक्षक म्हणून बोलावून ते ज्ञान नव्या पिढीकडे सोपवले, तर यंत्रांबरोबर माणसांच्या हातातील विद्याही टिकेल. वडिलांच्या यंत्राला पुन्हा उभे करणारे मिस्त्री आज हयात नाहीत. त्यांनी निळा रंग लावून, चमकणारा प्रत्येक उंचवटा पात्याने टिपत सरळ केलेले टेबल मात्र अद्याप काम देते. एका तपासणीअभावी बुडू पाहणारा संसार एका कारागिराच्या हातांनी सावरला, हे या विषयाचे खरे मोल आहे.