‘कोहिरन्स’ : समांतर विश्वे आणि साधनांची मर्यादा

जेम्स वॉर्ड बर्किट दिग्दर्शित ‘कोहिरन्स’ (२०१३) हा अमेरिकन विज्ञानपट सुमारे ५०,००० डॉलर खर्चात, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरी, पाच रात्रींत चित्रित झाला. साधनांची ही मर्यादा आशयाला उणेपणा आणते की त्याला रूप देते, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

आठ स्नेही भोजनास जमतात. पृथ्वीजवळून धूमकेतू जात असतो. वीज जाते, दूरवर एकाच घरात दिवे दिसतात. ते घर हेच असून तेथेही हीच आठ माणसे आहेत, असे पुढे उमगते. अशी घरे दोनच नसून असंख्य आहेत, आणि मधला अंधार ओलांडणारा स्वगृही परतेलच असे नाही.

या कल्पनेमागे ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये मांडलेली उपपत्ती आहे. तिच्यानुसार पुंजभौतिकीतील सर्व शक्यता विभिन्न शाखांत प्रत्यक्षात येतात. मात्र सुसंगतता लोपल्याने त्या परस्परांना पारख्या होतात. धूमकेतूमुळे हा दुरावा काही काळ नाहीसा होतो, एवढीच सूट चित्रपट घेतो. शीर्षकाचा अर्थही हाच होय.

नटांना पूर्ण संहिता दिलेली नव्हती. प्रत्येकास रोज केवळ स्वतःपुरत्या सूचना मिळत. म्हणजे प्रत्येक नट एकच शाखा जाणत होता. येथे निर्मितीपद्धती हीच आशयाची रचना ठरते. ऐन वेळी हाती लागणारे भौतिकीचे पुस्तक ही मात्र सोयीची योजना वाटते.

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेशी तुलना येथे उद्बोधक ठरावी. तेथे दोन जगांची फारकत १७६१ च्या ज्ञात रणांगणावर होते. प्रश्न इतिहासाचा आहे आणि नायक आपल्या जगात परततो. ‘कोहिरन्स’मध्ये फारकत क्षुल्लक निर्णयांतून होते, प्रश्न ‘स्व’चा आहे. वेळेवर निर्णय न घेतल्याने संधी गमावलेली एम अधिक सुखी घर शोधते आणि तेथील ‘एम’वर हल्ला करून तिची जागा घेऊ पाहते. बळी आणि अपराधी एकच असता दायित्व कोणाचे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

विज्ञानकल्पना काढून घेतल्यास हा नैतिक पेच उरतच नाही. विज्ञानकथेची खरी कसोटी हीच होय. मराठी विज्ञानसाहित्याची चर्चा करतानाही विज्ञान किती आले यापेक्षा ते कितपत अपरिहार्य ठरले, हे पाहावयास हवे.