सांध्यातील उपास्थीवरील उपचार

हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत, लवचिक आवरणास उपास्थी (कूर्चा) म्हणतात. नष्ट झालेली उपास्थी पुन्हा भरून येत नाही, हे विल्यम हंटर यांनी १७४३ मध्ये नोंदविले. तीत रक्तवाहिन्या नसणे हे याचे प्रमुख कारण होय.

कोल्हापुरात शाहूपुरीसारख्या पेठांतील तालमींत मल्लाचा गुडघा दुखावल्यास तेलाचे मर्दन, शेक व विश्रांती हे उपाय रूढ आहेत. त्यांनी वेदना शमते. क्षत मात्र तसेच राहते. म्हणून वेदना थांबताच आखाड्यात उतरणे अपायकारक ठरते.

हाडास सूक्ष्म छिद्रे पाडल्यास मज्जेतील कोशिकांपासून तंतुमय उपास्थी बनते. ती मूळ उपास्थीइतकी टिकाऊ नसते. स्वीडनमधून १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत रुग्णाच्याच उपास्थिकोशिका प्रयोगशाळेत वाढवून क्षतात बसवितात. ती खर्चिक असून मर्यादित क्षतापुरतीच उपयुक्त आहे. सर्वत्र झिजलेल्या सांध्यास अखेर कृत्रिम सांधा बसवितात.