शिंपल्याच्या भिंतीतील मऊ थर

गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्याची धुकट तावदाने बसविलेली अजूनही आढळतात. या शिंपल्यात शेकडा नव्याण्णव भाग कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचेच द्रव्य. खडू बोटांनी मोडतो. ही तावदाने मात्र पावसाळ्यामागून पावसाळे काढतात. द्रव्य एकच असता हा फरक येतो कोठून?

तो येतो रचनेतून. पातळ थरांवर थर ही सर्वच शिंपल्यांची रीत. पण तिची परमावधी पाहावयाची तर मोती पिकविणाऱ्या कालवाच्या शिंपल्याचे आतील चकचकीत अस्तर पाहावे. तेथे खनिजाच्या चपट्या तबकड्या विटांप्रमाणे रचलेल्या असतात. एकेकीची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकी, आणि मधला प्रथिने व कायटिन यांचा मऊ लेप त्याहूनही वीसपट पातळ. गवंड्याचा चुना विटांना जखडून ठेवतो. या लेपाचे कसब वेगळे. भार आला की तो ताणतो, विटांना कणभर सरकू देतो आणि पुन्हा धरतो. तडा सरळ न जाता विटांना वळसे घालीत जातो व त्या वळशांतच त्याचा जोर खर्ची पडतो. जॅक्सन, व्हिन्सेंट व टर्नर यांनी १९८८ साली केलेल्या मोजणीत हे अस्तर मोडण्यास निव्वळ खनिजाच्या सुमारे ३,००० पट ऊर्जा लागली.

माणसाने हीच युक्ती मऊ द्रव्यावर चालवून पाहिली. मिशिगन विद्यापीठातील निकोलस कोटॉव्ह व सहकाऱ्यांनी पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हे पाण्यात विरघळणारे मऊ द्रव्य आणि चिकणमातीचे सूक्ष्म पापुद्रे यांचे आळीपाळीने थर चढविले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पोलादाच्या निम्म्याइतका ताठरपणा साधला. पण थरांना रसायनाने जखडल्यामुळे ताणण्याची शक्तीच गेली. ताठरपणा व चिवटपणा यांचे वैर ते हेच! शिवाय तीनशे थर चढवूनही पापुद्रा केसाहून पातळच राहिला.

कॅलिफोर्नियातील बर्कले येथे २००८ साली निराळी वाट निघाली. अॅल्युमिनाची भुकटी पाण्यात कालवून गोठविली, की बर्फाचे पत्रे वाढताना भुकटीला आपल्या फटींत रेटतात. बर्फ उडवून, उरलेला सांगाडा दाबून भाजला आणि त्यात मऊ अॅक्रिलिक भरले. तुटण्यास लागणारी ऊर्जा घटक द्रव्यांच्या ३०० पटींहून अधिक झाली. मात्र अॅल्युमिना भाजण्यास सुमारे दीड हजार अंशांची भट्टी लागते. कालवाचे काम समुद्राच्या पाण्यातच भागते.