धुरकट माल्ट : समज आणि वस्तुस्थिती

पीटच्या धुरावर वाळवलेल्या बार्लीची सिंगल माल्ट व्हिस्की पहिल्यांदा हुंगली, की बहुतेकांना दवाखाना आठवतो आणि तिच्यात काहीतरी औषधी मिसळल्याचा संशय येतो. मिसळलेले काहीच नसते. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे अर्धवट कुजून दबलेले शेवाळ आणि झाडोरा. मोड आलेली ओलसर बार्ली त्याच्या धुरावर वाळवली, की फिनॉल, क्रेसॉल, ग्वायकॉल ही संयुगे दाण्याच्या टरफलात मुरतात. क्रेसॉल जंतुनाशकांतही वापरतात. वासाचे कोडे तिथेच सुटते.

हा धूर दारू गाळताना खालच्या जाळातून येतो, असेही अनेकजण धरून चालतात. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर उभे राहिलेल्याला ते पटू नये. चुलाणात चिपाड धडधडत असते, धूर धुराड्यातून निघून जातो आणि काहिलीतला रस धुरकट होत नाही. व्हिस्कीची भांडी तर आता बहुतेक ठिकाणी वाफेवरच तापतात. धूर त्याआधीच धान्यात शिरलेला असतो. पीटमधून झिरपणाऱ्या तपकिरी पाण्याला दिले जाणारे श्रेयही फुकटचे, त्याचा वाटा नगण्य असतो. आणि सगळीच स्कॉच धुरकट असते असेही नाही: ग्लेनफिडिक, ग्लेनलिव्हेट यांच्या नेहमीच्या बाटल्यांत धुराचा मागमूस नसतो.

पीपीएमच्या, म्हणजे दशलक्ष भागांत किती या आकड्याने सर्वाधिक फसगत होते. फिनॉलचे हे प्रमाण वाळवलेल्या माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीत मोजतात, पेल्यातल्या व्हिस्कीत नव्हे. माल्ट भिजवताना, आंबवताना आणि गाळताना त्यातले बरेचसे वाया जाते. शिवाय फिनॉल-संयुगे गाळपात उशिरा उतरतात, म्हणून धार कधी तोडायची यावर चव ठरते. लागाव्हुलिन आणि कॉल इला या आयला बेटावरच्या दोन्ही भट्ट्या साधारण ३५ पीपीएमचा माल्ट वापरतात, पण चवी वेगळ्या. ऑक्टोमोर या व्हिस्कीच्या एका आवृत्तीचा माल्ट ३०९ पीपीएमचा होता. ती आर्डबेग या भट्टीच्या ५५ पीपीएमपेक्षा सहापट धुरकट मात्र लागत नाही. या आकड्याचा मद्यार्काच्या टक्क्यांशीही संबंध नाही.

‘वय कमी म्हणजे माल कच्चा’ हे अर्धसत्य आहे. स्कॉचला कायद्याने ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे काढावी लागतात. वय वाढते तसा धूर मवाळ होतो, म्हणून तो ठसठशीत हवा असेल तर बाटली मुद्दाम लवकर भरतात. आर्डबेगची ‘वी बीस्टी’ ५ वर्षांची आहे. कोवळेपणाच्या खुणा मात्र लपत नाहीत: पेरासारखा वास, ओल्या पिठाची चव, जिभेला चरचर. फिका रंग ही यातली खूण नव्हे. रंग पिंपाचा असतो, कधी कॅरमेलचाही, कारण स्कॉचमध्ये तो घालायला परवानगी आहे. धुराने रंग येत नाही.

वयाचा आकडा फसवा असतो, याचे कोल्हापूरला जवळचे उदाहरण गोव्यात कुंकळ्ळीला आहे. तिथली पॉल जॉन ही भट्टी पीट स्कॉटलंडहून आणते. तिथल्या उष्म्यात पिंपातून वर्षाला सुमारे ८ टक्के व्हिस्की उडून जाते. स्कॉटलंडमध्ये २ टक्के. माल लवकर मुरतो, त्यामुळे दोन्हीकडची वर्षे एकाच मापाने मोजता येत नाहीत.

पाणी घालणे म्हणजे व्हिस्की बिघडवणे, हा समज जाणकारांतही आढळतो. २०१७ मध्ये स्वीडनच्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी संगणकीय प्रारूपातून दाखवले, की मद्यार्काचे प्रमाण उतरले की ग्वायकॉल द्रवाच्या पृष्ठभागाकडे येतो, म्हणजे नाकाच्या जवळ. बर्फाने उलट होते. थंडीत वास दबतो. तोंड निमुळते असलेला पेला घ्यावा, नाक आत खुपसू नये, पहिला घोट अगदी लहान असावा आणि मत दुसऱ्या घोटानंतर बनवावे.

धुरकट माल्ट झणझणीत जेवणाबरोबर खुलते, हा समज कोल्हापुरात तरी सोडलेला बरा. मिरचीतले कॅप्सेसिन आणि मद्यार्क जिभेवरची एकच दाहसंवेदना चाळवतात, त्यामुळे तांबड्या रश्श्यानंतर घेतलेला घोट नुसता जाळ लागतो. चव पाहायची तर जेवणाआधी.