फुटलेले थर्मामीटर आणि सांडलेला पारा

ताप पाहण्याच्या काचेच्या थर्मामीटरमध्ये जो रुपेरी द्रव दिसतो, तो पारा होय. पारा हा धातू असूनही पातळ असतो. तो गोठण्यास शून्याखाली सुमारे ३९ अंश सेल्सियस इतकी थंडी लागते. तो पाण्याच्या सुमारे साडेतेरापट जड आहे. अलीकडे आकडे दाखविणारी, पाऱ्याविना चालणारी थर्मामीटरे मिळू लागली आहेत. तथापि जुने काचेचे थर्मामीटर अनेक घरांत फडताळात किंवा औषधांच्या डब्यात अद्याप जपून ठेवलेले आढळते. ते हातून निसटले की जमिनीवर चकचकीत गोळ्या धावू लागतात आणि मुलांना त्यांचे मोठे नवल वाटते. मुले त्या तळहातावर खेळवितात, नाण्यास चोळतात, काडेपेटीत भरून शाळेतही आणतात. म्हणून या विषयाची नेमकी माहिती शिक्षकांस असणे अगत्याचे आहे.

पाऱ्याविषयी सामान्य समजूत अशी की, तो पोटात गेला तरच विष होतो. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. गिळलेला पारा आतड्यांतून रक्तात फारच थोडा शोषला जातो. बहुतेक सर्व शौचावाटे बाहेर पडतो. परंतु उघड्यावर पडलेल्या पाऱ्याची हळूहळू वाफ होत असते. तिला रंग नाही व वासही नाही. श्वासाबरोबर फुप्फुसांत गेलेल्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के पारा शरीरात शोषला जातो. मेंदू, मज्जातंतू व मूत्रपिंडे यांना त्याचा अपाय होतो. लहान मुले व गर्भातील बालक यांना हा धोका अधिक असतो. एका थर्मामीटरमध्ये साधारणतः अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. तो लगेच व नीट गोळा केला, तर घाबरण्याचे कारण राहत नाही. फटींत राहून गेलेला, केरसुणीने पसरलेला किंवा तापविला गेलेला पारा मात्र घातक ठरतो.

केरसुणी का नको, हे वर्गात गणिताच्या साहाय्याने पटवून देता येईल. मातीचा १० सेंटिमीटर बाजूचा घन घेतला, तर त्याच्या सहा पृष्ठांचे क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर भरते. त्याचेच १ सेंटिमीटर बाजूचे १,००० घन केले, तर माती तेवढीच राहते, पण एकूण पृष्ठफळ ६,००० चौरस सेंटिमीटर होते. पाऱ्याचेही तसेच आहे. थेंब जितके बारीक, तितका हवेला लागणारा पृष्ठभाग मोठा आणि वाफही अधिक. केरसुणी थेंब गोळा करीत नाही. ती त्यांचे तुकडे करते आणि स्वतःबरोबर ते घरभर नेते.

थर्मामीटर फुटल्यास पुढीलप्रमाणे करावे :

(१) मुलांना, गरोदर स्त्रियांना व जनावरांना खोलीबाहेर काढावे. पायाला पारा लागला नाही ना, हे पाहावे. पंखा बंद करावा. बाहेरच्या बाजूच्या खिडक्या उघडाव्या व घरातील दार लावून घ्यावे.

(२) साफसफाई प्रौढ माणसानेच करावी. त्याने अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र आधी काढून ठेवावे, कारण पारा सोन्याला चिकटतो व सोने पांढुरके पडते. हातांत रबरी मोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या घालाव्या.

(३) काचेचे तुकडे जपून उचलावे. नंतर दोन जाड कागदांच्या साहाय्याने थेंब एकमेकांकडे ढकलून एकत्र करावे व घट्ट झाकणाच्या, थोडे पाणी घातलेल्या बाटलीत सोडावे. बारीक थेंब चिकटपट्टीने टिपावे. विजेरी जमिनीलगत आडवी धरली, तर राहिलेले थेंब चमकून दिसतात.

(४) जमीन सारवलेली असल्यास तेथील वरचा थर खुरप्याने खरवडून बाटलीत भरावा. पारा लागलेले कपडे किंवा गोधडीचा तुकडा धुऊ नये. पिशवीत बांधून वेगळा ठेवावा.

(५) खोलीत निदान एक दिवस मोकळी हवा खेळू द्यावी.

पारा अगर त्याने माखलेला कागद चुलीत कदापि टाकू नये. उष्णतेने एकदम पुष्कळ वाफ होते व ती सारे घर व्यापते. मोरीत, ओढ्यात वा विहिरीजवळही तो टाकू नये. पाण्यातील सूक्ष्म जंतूंमुळे त्याचे अधिक विषारी संयुग बनते व ते मासळीत साठते. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली उघडकीस आलेला रोग अशाच संयुगाने दूषित झालेली मासळी खाल्ल्याने झाला होता. त्या गावाच्या नावाने २०१३ साली पाऱ्यासंबंधी आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१८ साली भारताने त्यास मान्यता दिली.

फुटकी काच भंगारातही देऊ नये. तमिळनाडूतील कोडाईकनाल येथील थर्मामीटरच्या कारखान्यातून पाऱ्याने दूषित झालेली काच भंगाराच्या दुकानात गेल्याचे २००१ साली उघडकीस आले आणि तो कारखाना बंद झाला. २०१६ च्या घनकचरा नियमांत फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर घरगुती घातक कचऱ्यात गणले होते. सबब बाटलीवर ‘पारा’ असे लिहून, ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी व प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून योग्य ठिकाणी पोचती करावी.

मुलाने तोंडातच थर्मामीटर चावले, तर ओकारी काढू नये. तोंडातील काच व पारा थुंकावयास लावून चूळ भरवावी आणि डॉक्टरांना दाखवावे. तेथे पाऱ्यापेक्षा काचेची इजा पाहणे अधिक निकडीचे असते.

शिक्षकांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. थर्मामीटर फोडणारे मूल माराच्या भीतीने बहुधा ती गोष्ट लपविते. काचा पलंगाखाली सारल्या जातात आणि पारा दिवसेंदिवस निजण्याच्या खोलीत राहतो. म्हणून मुलांना शिकवावे की, पाऱ्याला हात लावू नये, तो ओलांडू नये, आणि घरातील मोठ्या माणसास तत्काळ सांगावे. पालकसभेत पालकांनाही सांगावे की, अशा वेळी ‘कोणी फोडले?’ हा प्रश्न मागाहून विचारता येईल. ‘पारा कोठे सांडला?’ हा आधी विचारावा.